पोस्टग्रेसचा सर्व्हर मध्येच पडतोय, सोर्समध्ये शिरायचं तर सुरुवात कुठून?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची नोंद मी गेलं वर्षभर कॉम्प्युटरवर चढवतोय. निम्मी पुस्तकं मराठी, त्याखालोखाल कन्नड, थोडी इंग्रजी. जुन्या नोंदवह्या चार-पाच जणांच्या हातच्या. प्रकाशनाचं साल कुणी मराठी आकड्यात लिहिलंय, कुणी कन्नड आकड्यात, कुणी इंग्रजी. सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे.

अडचण अशी. १९५० पूर्वीच्या पुस्तकांची यादी मागितली की कधी येते, कधी सर्व्हरच पडतो. लॉगमध्ये 'सर्व्हर प्रोसेस वॉज टर्मिनेटेड बाय सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट' अशी ओळ येते, आणि त्याच क्षणी बाकीच्या दोन टेबलांवर बसलेल्या मुलांचीही जोडणी तुटते. एकाच पुस्तकाचं साल विचारलं तर उत्तर बरोबर येतं.

दुसरी तक्रार शोधाची. 'दऱ्या' असं शोधलं की तीन पुस्तकं यायला हवीत, एकच येतं.

मला सी भाषा येते, कॉलेजात शिकलोय आणि नंतरही थोडं लिहिलंय. बग सर्व्हरचाच असेल तर सोर्स, म्हणजे पोस्टग्रेसचा मूळ कोड, उघडून दुरुस्त करायची मनापासून इच्छा आहे. पण केवढा तो सोर्स! कुठल्या दारानं आत जायचं तेच कळेना.

---

वडगावकर

साल वेगळ्या कॉलमात आकड्यात भरून टाक की. दोन पोरं लावलीस तर आठवड्यात होतंय. सोर्सच्या नादाला लागलास तर पावसाळा जाईल.

---

मलप्रभाकाठ

दादा, आकड्याचा कॉलम करणारच आहे. पण वहीत जसं लिहिलंय तसंही ठेवायचंय. लिहिणारी माणसं आता नाहीत, त्यांचं लिहिणं मी बदलणार नाही. आणि सर्व्हर का पडतो हे कळल्याशिवाय मला झोप नाही. आज साल आहे, उद्या दुसरंच काही निघेल.

---

निपाणीकर_अक्का

मलप्रभाकाठ, तुझा प्रश्न योग्य आहे, पण सोर्स उघडायच्या आधी काही गोष्टी हव्यात. अकरा वर्षं हेच काम करते म्हणून सांगते.

एक जण पडल्यावर बाकीच्यांना का हाकलतात ते आधी समजून घे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीला वेगळी प्रोसेस असते, पण शेअर्ड मेमरी सगळ्यांची एकच. एक प्रोसेस सिग्नल ११ नं मेली की तिनं त्या सामायिक जागेत काय खराब केलं असेल याचा भरवसा नाही. म्हणून पोस्टमास्टर (सगळ्यांवर देखरेख करणारी मुख्य प्रोसेस) सगळ्यांना थांबवतो, मेमरी नव्यानं मांडतो आणि वॅल (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद) वाचून डेटा ठिकाणावर आणतो. मुलांची जोडणी तुटते ती ह्या खबरदारीपायी.

आता मला हे हवंय. आवृत्ती कुठली? पाच-दहा ओळींच्या टेबलावर तोच प्रकार घडवून दाखवता येतो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या क्वेरीत सर्व्हरबाहेरचं काही आहे का? एखादं एक्स्टेंशन, स्वतः लिहिलेलं फंक्शन? सी मधलं फंक्शन सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये चालतं. ते पडलं की सर्व्हर पडतो आणि लॉगमध्ये नाव सर्व्हरचं येतं.

नेहमीची चूक असेल, म्हणजे एरर मेसेज येऊन क्वेरी थांबत असेल, तर पी-एस्क्यू-एल, म्हणजे पोस्टग्रेसला आज्ञा द्यायचा प्रोग्राम, त्यात उलटी तिरकी रेघ देऊन 'एररव्हर्बोज' लिही. मेसेज कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीतून, कुठल्या फंक्शनमधून आला ते तो छापतो. सोर्समध्ये शिरायचं तेच सगळ्यात सोपं दार. सेगमेंटेशन फॉल्टला मात्र ते दार नाही, तिथे कोअर फाईल (पडतानाच्या मेमरीची प्रत) आणि जीडीबी (प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) हेच लागतात.

---

मलप्रभाकाठ

अक्का, आवृत्ती १५. आणि हो, एक फंक्शन माझं आहे. 'साल_वाच' म्हणून. मराठी किंवा कन्नड आकड्यातलं साल घेऊन पूर्णांक देतं. मीच सी मध्ये लिहिलंय. सोपं आहे म्हणून आधी सांगितलं नाही. मराठी शून्याचे यूटीएफ-८ मधले बाइट ई० ए५ ए६, कन्नड शून्याचे ई० बी३ ए६. मधला बाइट लिपी सांगतो, शेवटचा दोन्हीकडे ए६ ते एएफ असाच चालतो. तो धरून आकडा काढतो.

---

निपाणीकर_अक्का

शेवटचा बाइट धरलास हे छान. पण सोपं म्हणून फंक्शन बाजूला ठेवू नकोस.

आता असं कर. पॅकेजमधला सर्व्हर राहू दे. गिटवरून १५ चाच सोर्स घे, वेगळ्या फोल्डरात बांध, म्हणजे कंपाइल कर. कॉन्फिगर करताना दोन पर्याय दे, 'एनेबल-डीबग' आणि 'एनेबल-कॅसर्ट'. पहिल्यानं जीडीबीला ओळ क्रमांक कळतात. दुसऱ्यानं सोर्समधली असर्ट विधानं ('इथे हे खरं असायलाच हवं' अशा तपासण्या) जागी होतात आणि सोडलेली मेमरी खुणेच्या बाइटनं भरली जाते. ही दुसरी गोष्ट तुझ्या फार कामी येईल असं मला वाटतंय. 'मेक चेक' चालवून सगळ्या चाचण्या हिरव्या होतात का ते आधी बघ, मगच स्वतःचं फंक्शन त्यात घाल. 'यूलिमिट' नं कोअर फाईलची मर्यादा काढायला विसरू नको.

---

उद्यमबाग

तोवर माझा अनुभव लिहितो. बग सोर्समध्येच आहे अशी माझी खात्री झाली होती आणि तो भलतीकडे निघाला.

मी एका फाउंड्रीचा हिशेब आणि मालाची यादी सांभाळतो. गिऱ्हाइकांची नावं मराठीत, त्यांच्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे एक नाव दोनदा बसू न देणारी सूची. जुनी मशीन डेबियन लिनक्स ९ ची होती. नवी डेबियन १० ची घेतली, पोस्टग्रेस तीच आवृत्ती, डेटाचं फोल्डर जसंच्या तसं उचलून ठेवलं. महिन्याभरात एकाच नावाची दोन गिऱ्हाइकं दिसायला लागली. युनिक इंडेक्स असताना! नाव देऊन शोधलं तर सापडायचं नाही, आणि पूर्ण टेबल चाळलं की तेच नाव समोर.

मी जीडीबी जोडला. आधी 'सिलेक्ट पीजी_बॅकएंड_पीआयडी' चालवून आपल्या प्रोसेसचा नंबर घ्यायचा, तो जीडीबीला द्यायचा. ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची जागा, '_बीटी_कंपेअर' वर लावला. बी-ट्री इंडेक्समध्ये शोधताना डावीकडे जायचं की उजवीकडे हे तिथे ठरतं. प्रत्येक पानावर थांबून बघत गेलो. एका पानावर सर्व्हर डावीकडे वळला, आणि माझी नोंद उजव्या पानात बसलेली. तुलना करणारा कोड वाचत आत गेलो तर 'व्हारस्टर_कंप', आणि त्याच्या पोटात शेवटी सी लायब्ररीचं 'स्ट्रकॉल'. पोस्टग्रेस स्वतः अक्षरांचा क्रम ठरवतच नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिमला विचारत होता.

ही सी लायब्ररी म्हणजे लिनक्सची जी-लिबसी. तिच्या २.२८ या २०१८ च्या आवृत्तीत अक्षरक्रमाचे तक्ते बदलले. डेबियन ९ मध्ये २.२४ होती, १० मध्ये २.२८. जुन्या क्रमानं रचलेला इंडेक्स नव्या क्रमानं वाचला जात होता. दुबार नावं हातानं काढली, मग रीइंडेक्स केलं, म्हणजे इंडेक्स नव्यानं रचला. खात्रीसाठी इंडेक्स तपासणाऱ्या 'एएमचेक' एक्स्टेंशनचं 'बीटी_इंडेक्स_चेक' चालवलं.

तीन रात्री गेल्या, पण त्या तीन रात्रीत बी-ट्री असं समजलं की कुठल्या वर्गात समजलं नसतं. मलप्रभाकाठ, तू शिरच सोर्समध्ये.

---

निपाणीकर_अक्का

उद्यमबागनं लिहिलंय तो धडा पोस्टग्रेसवाल्यांनाही मिळालाय. ९.५ मध्ये मजकुराची क्रमवारी वेगानं लावायला 'स्ट्रएक्सफर्म' वापरून संक्षिप्त किल्ल्या तयार करायची युक्ती आली होती. काही जी-लिबसींमध्ये 'स्ट्रएक्सफर्म' आणि 'स्ट्रकॉल' यांचं एकमेकांशी जमत नाही असं उघड झालं, इंडेक्स बिघडायला लागले. म्हणून २०१६ च्या मार्चमध्ये ९.५.२ काढून सी सोडून इतर लोकेलसाठी (लोकेल म्हणजे भाषेनुसारचे नियम) ती युक्तीच बंद केली. दोष दुसऱ्याच्या लायब्ररीत, तरी डेटा आपल्या लोकांचा जातोय म्हणून वेगावर पाणी सोडलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

१५ पासून डेटाबेस कोलेशनच्या, म्हणजे अक्षरक्रमाच्या नियमांच्या, कुठल्या आवृत्तीवर बनला ते नोंदलेलं असतं आणि ती बदलली की जोडणी करताना इशारा येतो. तो इशारा दिसला तर आधी रीइंडेक्स, नंतर 'रिफ्रेश कोलेशन व्हर्शन'. उलट केलंत तर इशारा गप्प होईल आणि इंडेक्स तसाच बिघडलेला राहील.

---

मलप्रभाकाठ

परवा रात्री सोर्स बांधायला घेतला, मध्ये दोनदा वीज गेली, तरी पहाटे 'मेक चेक' हिरवं झालं. आज फंक्शन घातलं.

नव्या सर्व्हरवर ते दरवेळी पडतं, आणि दुसऱ्याच ओळीवर. आधी तीनशे ओळींत कधीतरी पडायचं. कोअर फाईल जीडीबीत उघडून 'बीटी' (कुणी कुणाला बोलावलं त्याची उतरंड) दिलं. सगळ्यात वरच्या चौकटीत 'साल_वाच'. सर्व्हरचं एकही फंक्शन त्याच्यावर नाही.

पहिल्या वेळी मी आकड्यांचा एक छोटा तक्ता बनवतो आणि त्याचा पत्ता 'एफएन_एक्स्ट्रा' मध्ये ठेवतो, म्हणजे प्रत्येक ओळीला परत बनवायला नको. दुसऱ्या ओळीवर त्यातला पॉइंटर छापून बघितला तर हे आलं:

७एफ७एफ७एफ७एफ७एफ७एफ७एफ७एफ

हा पत्ता नव्हेच. कुठून आला?

---

निपाणीकर_अक्का

हीच ती खूण. कॅसर्टच्या बांधणीत पोस्टग्रेस सोडलेली मेमरी ७एफ या बाइटनं भरून टाकतो. सलग ७एफ दिसले की समजायचं, मी मोकळ्या झालेल्या जागेत बघतोय.

'पॅलॉक' नं मागितलेली जागा त्या वेळी चालू असलेल्या मेमरी कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे एकदम मोकळ्या होणाऱ्या जागांच्या गटात, मिळते. तुझं फंक्शन ओळीमागे ओळ बोलावलं जातं तेव्हा चालू असतो तो एका ओळीपुरता कॉन्टेक्स्ट. ओळ संपली की तो पुसला जातो, तुझा तक्ताही त्यात जातो. पण 'एफएन_एक्स्ट्रा' पूर्ण क्वेरीभर जिवंत, आणि त्यात पुसलेल्या जागेचा पत्ता. एका पुस्तकाला विचारलंस तेव्हा दुसरी ओळच नव्हती, म्हणून चाललं. साध्या बांधणीत जागा पुसल्यावरही जुने बाइट काही वेळ तसेच पडून राहतात, म्हणून कधी चाललं, कधी नाही.

तक्ता 'मेमरीकॉन्टेक्स्टअलॉक' नं माग आणि कॉन्टेक्स्ट दे 'एफएन_एमसीएक्सटी', तुझ्याच फंक्शनच्या माहितीत तो असतो. तक्त्याच्या आतलं जे जे पॉइंटरनं जोडलंयस तेही तिथूनच. एवढाच बदल.

---

मलप्रभाकाठ

दोन ओळी बदलल्या. अख्खी यादी दहा वेळा मागितली, एकदाही पडला नाही. १९५० पूर्वीची सत्तेचाळीस पुस्तकं निघाली, त्यातली अकरा कन्नड.

अक्का, सर्व्हरवर मी विनाकारण आळ घेतला. पण आता आत शिरलोच आहे तर बाहेर येत नाही. 'दऱ्या' चं काय?

---

घटप्रभा_सात

'दऱ्या' माझ्याकडे. गोकाकला आमच्या शाळेच्या यादीत 'सुऱ्या' आणि 'तऱ्हा' यांनी असंच छळलं होतं.

हा शब्द कॉम्प्युटरवर तीन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेला सबंध ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, वेगळा नुक्ता, हलन्त, य. तिसरा, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारं चिन्ह), मग य. जुने कीबोर्ड बहुधा तिसऱ्या प्रकारानं लिहितात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट तिन्हींचे वेगळे. सर्व्हर बाइटच बघणार.

पहिले दोन प्रकार युनिकोडच्या दृष्टीनं एकच आहेत. पोस्टग्रेस १३ पासून 'नॉर्मलाइज' फंक्शन आहे, ते दोघांना एक करतं. तिसरा मात्र युनिकोडच्या नियमात त्यांच्या समान नाही, त्यामुळे 'नॉर्मलाइज' त्याला हात लावत नाही. त्याला 'रिप्लेस' नं पहिल्या रूपात आणावं लागतं. हे भरतानाच करा, शोधताना करत बसलात तर साध्या इंडेक्सचा उपयोग होत नाही.

म्हणजे हाही सर्व्हरचा बग नाही. पण हे शोधताना मी सोर्समधली एक जागा बघितली, ती तुम्हा सगळ्यांना दाखवायचीच आहे. टेक्स्ट सर्चचा पार्सर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) ज्या फाईलमध्ये आहे तिचं नाव 'डब्ल्यूपार्सर_डेफ.सी'. त्यात 'पी_इजस्पेशल' नावाचं फंक्शन आहे. सी लायब्ररीला विचारलं की 'काना हे अक्षर आहे का', तर ती 'नाही' म्हणू शकते. मग पार्सर काना आला की शब्द तोडणार, 'काम' चे 'क' आणि 'म' असे दोन तुकडे होणार. ते होऊ नये म्हणून तिथे एक तक्ता हातानं लिहिलाय, 'स्ट्रेंज_लेटर' नावाचा. त्यात देवनागरी विसर्ग, काना, वेलांट्या, आणि खाली कन्नडच्याही मात्रा, प्रत्येकीसमोर नाव लिहिलेलं. या चिन्हांना शब्द तोडायचा नाही, आणि शब्दाच्या सुरुवातीला आली तर शब्दाचा भाग मानायचं नाही, एवढाच नियम.

हा शोध मुळात ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगाएव यांनी बांधला, २००८ च्या ८.३ मध्ये तो सर्व्हरच्या गाभ्यात आला. मी तो तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळे भरून आले, खरंच सांगतो. रशियात बसलेल्या माणसांनी बांधलेल्या शोधात आमच्या वेलांटीला जागा करून ठेवलीय, आणि मराठी-कन्नड एकाच तक्त्यात.

---

मलप्रभाकाठ

वाचली ती फाईल. पार्सर शब्द कसे पाडतो ते दाखवणाऱ्या 'टीएस_डीबग' ला मराठी आणि कन्नड दोन्ही शब्द देऊन बघितले, 'पी_इजस्पेशल' वर ब्रेकपॉइंट लावून एकेका मात्रेवर थांबलो. सलग दोन तास कसे गेले कळलं नाही.

एक विचारतो. यादीत 'काळ' हा शब्द 'कावळा' च्या आधी येतोय. आमच्या गुरुजींना ते चालत नाही. त्यांचं म्हणणं ळ ह च्या नंतर.

---

घटप्रभा_सात

गुरुजी बरोबर आहेत. युनिकोडच्या क्रमांकात ळ हा ल च्या लगेच नंतर बसवलाय, म्हणून सी लोकेलमध्ये काळ, कावळा, कासव, काहूर असं येतं. आपल्या वर्णमालेत कावळा, कासव, काहूर आणि मग काळ. कन्नड वर्णमालेतही ळ ह च्या पुढेच शिकवतात. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचं मराठी कोलेशन लाव, त्यात ळ ह नंतर आहे. पोस्टग्रेस १० पासून आयसीयू आहे.

---

वडगावकर

आमच्याकडे मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस आहे. तिथे सोर्स दुरुस्त करायचा तर काय पद्धत?

---

निपाणीकर_अक्का

तिथे चाचण्यांचं यंत्र 'एमटीआर' म्हणून आहे. चाचणीची फाईल वेगळी, अपेक्षित उत्तराची फाईल वेगळी. बग दाखवणारी चाचणी लिहून ती जिरा या त्यांच्या बग-नोंदणीत नोंदवलीस तरी अर्धं काम झालं.

पोस्टग्रेसचं मलप्रभाकाठसाठी लिहिते. बग सापडला तर आधी बग-यादीवर मेल. किती लहान उदाहरणात तो दाखवलास त्यावर उत्तर किती लवकर येतं ते ठरतं. सुरक्षेचा बग मात्र चारचौघांत मांडायचा नाही, त्याला वेगळा खासगी पत्ता आहे. आधीच्या आवृत्तीत चालत होतं आणि आता चालत नाही असं असेल तर 'गिट बायसेक्ट' नं नेमका कमिट (कोडमधला नोंदलेला बदल) काढून दे, दहा-बारा वेळा बांधावं लागतं पण वाद राहत नाही.

दुरुस्ती करायची असेल तर पॅच (बदलांची फाईल) 'हॅकर्स' या मेल-यादीवर जातो आणि कमिटफेस्टमध्ये, म्हणजे पॅच तपासायच्या ठराविक फेरीत, नोंदवायचा. आपला पॅच टाकला की दुसऱ्याचा एक तपासून द्यायचा, ही तिथली रीत आहे आणि ती पाळ. महिने लागतात. 'माझ्या पॅचकडे कोणी बघत नाही' असं पहिल्या वर्षी मलाही वाटायचं. बघतात. बगची दुरुस्ती असेल तर ती चालू शाखेबरोबर जुन्या शाखांतही जाते, प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळतात. म्हणून बदल जितका लहान तितका बरा. दुरुस्ती करता करता शेजारचा कोड आवरायला घेऊ नकोस.

आणि चाचणी. तू मराठी-कन्नड शब्दांची चाचणी लिहिणार असशील तर लक्षात ठेव, सगळे डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये नसतात. कोलेशनच्या यूटीएफ-८ चाचण्या बघ. एन्कोडिंग वेगळं असेल तर त्या सुरुवातीलाच थांबतात, आणि त्यासाठी अपेक्षित उत्तराची दुसरी फाईल ठेवलेली असते. तसंच कर.

---

मलप्रभाकाठ

चाचणी लिहायला घेतली आहे. सोळा शब्द निवडलेत, आठ मराठी, आठ कन्नड. प्रत्येक मात्रा निदान एकदा यावी असं बघितलंय. कन्नड शब्द शेजारच्या सरस्वतीअक्कांकडून तपासून घेतले, त्यांनी दोन बदलले. पाठवण्याआधी कुणीतरी दोघांनी डोळ्याखालून घालाल का?

---

उद्यमबाग

रविवारी टिळकवाडीत माझ्याकडे या. सकाळी दहाला. खानापूरहून पहिली पॅसेंजर धरलीस तर वेळेत पोचशील. माझ्या मशीनवर तीन आवृत्त्या बांधून ठेवतो, तिन्हींवर चालवून बघू.

---

निपाणीकर_अक्का

मी येते. घटप्रभा, तुम्हीही या, तुमचे 'सुऱ्या' आणि 'तऱ्हा' घेऊन. तिन्ही प्रकारे टाइप केलेले हवेत.

---

घटप्रभा_सात

येतो. फाईल आत्ताच बनवून ठेवली.